ह्यांच्या खिशातल्या नाड्या

आमच्या घरात कुणाच्याच बुटांना दोन्ही नाड्या नसतात. एका बुटाला असते, दुसऱ्या बुटाची ह्यांच्या खिशात असते. लेक लहान असताना एकदा तिच्या शाळेतल्या बाईंनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. पोरगी माझ्या शिवणाच्या डब्यातली निळी फीत बुटाला बांधून शाळेत गेली होती. बाईंनी दार लोटलं, खुर्ची पुढे केली आणि आवाज खाली आणून विचारलं, "घरी काही अडचण आहे का?"

"आहे ना," मी म्हटलं. "तिचे वडील."

आमचे हे बुटांच्या दुकानात विक्रेते. लोकांच्या पायात बूट चढवण्यात उभी हयात गेली. दुकानात त्यांचा एक बुटका स्टूल आहे, पुढे उतरती फळी असलेला. गिऱ्हाईक फळीवर पाय ठेवतं, हे समोर गुडघा टेकतात, टाचेमागे पत्र्याची पट्टी सरकवून बूट चढवतात, अंगठ्याने टोक दाबून बघतात आणि सांगतात, "एक नंबर मोठा घ्या." दिवसभर जगाच्या नाड्या बांधून झाल्या की संध्याकाळी स्वतः एक बिननाडीचा बूट फरफटत घरी येतात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

नाडीच्या करामतींचा हा नाद त्यांना लागला लहान मुलांपायी. मोठ्या माणसाला बूट विकणं सोपं असतं. लहान मूल नव्या बुटात पाय घालतं आणि लगेच बोटं आत मुडपून घेतं. मग आई म्हणते घट्ट होतोय, बाप म्हणतो सैल होतोय, आणि पोर भोकाड पसरतं. असे अंदाजाने दिलेले बूट चार दिवसांनी परत यायचे आणि मालक ह्यांच्यावर डाफरायचे. एकदा अशीच एक चिमुरडी काही केल्या पाय सरळ करेना. काही सुचेना म्हणून ह्यांनी हातातल्या नाडीला गाठ मारली, गाठीवर फुंकर घातली आणि नाडी ओढली. गाठ गायब! पोरगी रडायची थांबली, आणि ह्यांच्या अंगठ्याखाली तिची बोटं हळूहळू उलगडली. त्या दिवसापासून ह्यांचं एक शास्त्र तयार झालं. माणूस चकित झाला की त्याच्या पायाची बोटं सरळ होतात. लहान असो, म्हातारा असो, न्यायाधीश का असेना. या विषयावर ह्यांच्याशी वाद घालू नये, आपलीच बोटं तपासायला लावतात.

माझी आणि त्यांची ओळखही नाडी-दोऱ्यानेच झाली. मागच्या गल्लीत माझं कपडे दुरुस्तीचं छोटं दुकान होतं, अजूनही आहे. पँटची उंची कमी करणं, चेन बदलणं, काज करणं, रफू करणं. सारखा गुडघा टेकून ह्यांच्या सगळ्या पँटी उजव्या गुडघ्यावर झिजायच्या. पहिल्यांदा आले ते रफू करून घ्यायला. मी शिवत होते तेवढ्यात ह्यांनी माझ्या टेबलावरचा दोरा उचलला, दात लावून त्याचे दोन तुकडे केले, मुठीत धरले आणि मुठीतून अख्खा दोरा बाहेर काढला. बाकावर बसलेल्या दोन बायकांनी आ वासला.

मी मशीनवरून मान वर न करता म्हटलं, "तुकडे उजव्या हाताच्या बेचक्यात आहेत. डब्यात टाका, जमिनीवर नकोत."

आठ दिवसांनी परत आले. पँट कोरी करकरीत.

"ही कुठे फाटलीये?" मी विचारलं.

"अजून नाही," हे म्हणाले. "पण फाटणार आहेच. म्हटलं, आधीच भेटून घ्यावं."

अशा माणसाला नाही कसं म्हणायचं? लग्न झालं आणि घरात एक कायदा झाला. नवीन करामत आधी माझ्यासमोर करायची. स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी, जेवणं झाल्यावर, दिवा डोक्यावर असताना. मी डोळ्यांत तेल घालून हाताकडे बघायची आणि हातचलाखीतली चोरी दिसली रे दिसली की टेबलावर बोट आपटून म्हणायची, "पकडलं!" मग कुठे दिसलं ते सांगायचं, त्यांनी तेवढं सुधारायचं, परत करायचं, मी परत पकडायचं. माझे डोळे दोऱ्यात मुरलेले. कुठलं टोक कुठे दडतं ते मला कळल्याशिवाय राहत नसे. मला फसवणारी करामत काही कधी निघाली नाही, पण माझ्या तावडीतून जितकी वाचेल तितकी बाहेरच्या जगाला भारी पडायची. बाहेर लोक टाळ्या वाजवायचे तेव्हा त्यातल्या निम्म्या मी मनातल्या मनात माझ्या खात्यात टाकायची.

आणि बाहेर म्हणजे कुठेही. बसच्या रांगेत, न्हाव्याच्या खुर्चीत गळ्याला कापड बांधलेलं असताना, दवाखान्यात. समोरच्याची अंगठी मागून घ्यायची, नाडीत ओवायची, टोकं त्याच्याच हातात द्यायची आणि अंगठी अलगद काढून दाखवायची. रबरबँड एका बोटावरून दुसऱ्यावर उडवायचा. चहाचा चमचा वाकवून सरळ करायचा. स्वतःचं सामान म्हणून काही कधी नेलं नाही. लोकांचंच मागायचं. लेकीच्या शाळेने एकदा ह्यांना स्नेहसंमेलनात मंचावर बोलावलं, काळा कोट दिला, चकचकीत टेबल दिलं. हे कोटात आखडून उभे राहिले आणि पहिल्याच करामतीत नाडी खाली पडली. दुसरीत रुमाल बाहीत अडकला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग ह्यांनी सरळ कोट काढला, मंचाच्या कडेला पाय खाली सोडून बसले आणि पहिल्या रांगेतल्या मुख्याध्यापिकांना म्हणाले, "बाई, तुमच्या बुटाची नाडी देता का जरा?" त्यानंतर कुणी जागेवर बसून राहिलं नाही. सगळी शाळा मंचाभोवती गोळा झाली. मुख्याध्यापिका एक बूट हातात घेऊन घरी गेल्या, कारण नाडी सवयीने ह्यांच्या खिशात आली होती.

असं सगळं छान चाललं होतं आणि मला सुईत दोरा ओवता येईना.

आधी मी सुयांना दोष दिला. हल्ली सुयांची भोकंच बारीक करतात, म्हटलं. मग दोऱ्याला दिला. मग दिवा बदलला, मग दिव्याची जागा बदलली. नाचता येईना अंगण वाकडं! एका गिऱ्हाइकाच्या काळ्या पँटला मी गडद निळी चेन लावून दिली आणि त्याने दाखवल्यावर, "हीच फॅशन आहे," असं त्याला ठणकावून सांगितलं. बिचारा पैसे देऊन गेला. तो गेल्यावर मी दुकान अर्धं बंद केलं आणि बसून राहिले. डोळ्यांवर पडदा येतोय हे कळायला मला डॉक्टर नको होता.

पण डॉक्टरकडे जाणार नव्हतेच. माझ्या मावशीचं डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, मी फ्रॉकात असताना. त्यानंतर त्या डोळ्याने तिला कधीच दिसलं नाही. ती माझ्या तोंडावरून हात फिरवून मी किती मोठी झाले ते बघायची. तो हात मी विसरले नाही. मी ठरवून टाकलं की आहे तेवढं पुरवून वापरायचं, कुणाच्या हातात डोळा द्यायचा नाही. डोळे गेले तर दुकान गेलं, आणि दुकान गेलं तर मी कोण? लेकीला सांगितलं नाही. ह्यांना तर मुळीच नाही.

राहिला प्रश्न टेबलाचा. पांढरी नाडी मला आता दुधात बुडवल्यासारखी दिसायची. पण इतक्या वर्षांचा संसार काय उगाच झाला? चोरी करायच्या आधी हे हमखास घसा खाकरतात. हात बदलायचा असला की काहीतरी विनोद करतात. मी कानांनी बघायला लागले. खाकरले की टेबलावर बोट आपटायचं, "पकडलं! डाव्या हातात!" दहातल्या आठ वेळा बरोबर निघायचं. उरलेल्या वेळी मी म्हणायची, "उजव्या हातात घेतलीत तरी दिसतच होती, काय मोठं?" हे मान डोलवायचे. मला वाटलं, धूळ फेकली डोळ्यांत. जादूगाराच्या डोळ्यांत धूळ फेकायची म्हणजे काय गंमत आहे! मी मनातून खूश होते, आणि अंथरुणावर पडल्यावर भीती वाटायची.

एका सुट्टीच्या दुपारी चहा झाल्यावर ह्यांनी खिशातून नवी लाल नाडी काढली.

"आज अगदी नवीन आहे," म्हणाले. "खूप दिवस बसवतोय. नीट बघ हं."

गाठ मारली. मूठ मिटली. घसा खाकरला. फुंकर घातली आणि मूठ उघडून तळहात माझ्यापुढे धरला.

"गेली गाठ?"

"गेली, पण कुठे गेली ते मला ठाऊक आहे," मी बोट आपटलं. "पकडलं! फुंकर घालताना डाव्या अंगठ्याने सरकवलीत."

त्यांनी ती नाडी माझ्या हातात ठेवली. मी बोटं फिरवली. गाठ तिथेच होती, मधोमध. साधीसुधी, घट्ट आवळलेली, सुटता न सुटणारी गाठ.

"मी काहीच केलं नाही," हे म्हणाले. "गाठ मारली, मूठ मिटली, मूठ उघडली. गाठ सगळा वेळ तुझ्या नाकासमोर होती."

माझं डोकं असं तापलं! "फसवलंत मला!"

"हो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा." त्यांनी कप उगाच इकडचा तिकडे केला. "आणि मला अजिबात मजा आली नाही."

मग मी भांडले. चोरी पकडली गेलेला माणूस भांडतो तसं भांडले. माझे डोळे आहेत, माझं मी बघेन, असंही म्हणाले, आणि म्हणता म्हणता ते किती खोटं आहे ते माझं मलाच ऐकू आलं. शेवटी मावशीची सगळी गोष्ट सांगितली. तिचा हात तोंडावरून कसा फिरायचा तेही. हे ऐकून घेत होते. माझी समजूत घातली नाही, हल्लीची ऑपरेशनं कशी सोपी असतात त्यावर भाषण दिलं नाही. एवढंच म्हणाले, "मग मीही बंद करतो. परीक्षक नाही तर परीक्षा नाही."

मला वाटलं, दोन दिवसांचं खूळ. पण आमच्या घरात शेराला सव्वाशेर आहे. दुसऱ्या दिवशी ह्यांनी खिसे उलटे केले आणि सगळ्या नाड्या दाराशी ठेवून दिल्या. काही तर लेकीच्या शाळेतल्या बुटांच्या होत्या, आणि आता तिचं लग्न होऊन ती दुसऱ्या गावी नोकरी करते. स्वतःच्या बुटांत दोन्ही नाड्या ओवल्या आणि टाप टाप करत दुकानात गेले. लग्नानंतर पहिल्यांदाच ह्यांच्या चालण्याचा तसा आवाज ऐकला. मला तो मुळीच आवडला नाही.

महिना झाला असेल. एक दिवस दुकानाचे मालकच माझ्याकडे आले. रागीट माणूस, पण त्या दिवशी बाकावर अंग चोरून बसले. उजव्या अंगठ्याला पट्टी.

"वहिनी, ह्यांना काहीतरी सांगा हो," म्हणाले. "पोरं दुकान डोक्यावर घेतात. हे नुसते बघत बसतात. काल मीच पुढे झालो, म्हटलं आपण करू नाडीची गंमत, त्यात काय आहे? कार्टं कडकडून चावलं."

मी हसले. इतकी हसले की शिलाईतली टाचणी कुठे ठेवली ते विसरले, आणि मग ती हाताने चाचपडत शोधायला लागले. मालक माझ्याकडे बघत राहिले. टाचणी माझ्यासमोर उघड्या कापडावर होती. त्यांनी ती उचलून माझ्या हातात दिली. त्यांच्यासारखा माणूस गप्प बसला याचाच मला धसका बसला.

संध्याकाळी ह्यांना म्हटलं, "चला, कुठे जायचं ते."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. बॅटरी मारून डोळ्यात बघितलं आणि म्हणाल्या, "मोतीबिंदू चांगला पिकलाय. इतके दिवस काम कसं करत होता?" मी म्हटलं, "सवयीने." आधी एका डोळ्याचं करायचं ठरलं.

ऑपरेशनच्या सकाळी थांबायच्या खोलीत आम्ही बसलो होतो. डोळ्यात थेंब घातलेले, समोर सगळं नुसतं उजेडाचं धुकं. मनात मावशी. आता उठून घरी जावं, असं चारदा वाटलं. हे शेजारी गप्प बसले होते, आणि ते गप्प बसले की मला जास्त भीती वाटते.

"अहो, करा ना काहीतरी," मी म्हटलं.

"तुला दिसणार नाही."

"मग माझ्या हातात द्या."

ते वाकले. बुटातून नाडी ओढून काढल्याचा सरसर आवाज मला स्पष्ट ऐकू आला. नाडी माझ्या हातात देऊन कानाशी कुजबुजायला लागले. फास असा धर, टोक पूर्ण बाहेर काढू नकोस, अर्धंच काढ, दुमडून. हे सगळं मला तोंडपाठ होतं. शेकडो वेळा पकडलं होतं. पण करून एकदाही पाहिलं नव्हतं, आणि पहिल्या दोन्ही वेळा माझी गाठ खरीखुरी बसली. "पकडणं सोपं असतं बरं का," हे म्हणाले. मी म्हटलं, "गप्प बसा." तिसऱ्यांदा जमली.

तेवढ्यात मला आत न्यायला नर्स आली. मी म्हटलं, "थांबा जरा, ही गाठ बघा." तिच्या आवाजाच्या दिशेने नाडी धरली, फुंकर घातली आणि दोन्ही टोकं ओढली. नाडी माझ्या बोटांत सरळ ताणली गेली.

"अगं बाई! कुठे गेली?" नर्स म्हणाली.

तो "अगं बाई" मला जन्मभर पुरेल. एवढ्यासाठी माणूस आयुष्यभर नाड्या खिशात घेऊन हिंडतो, हे मला तेव्हा कळलं. मी दुसऱ्यांदा करून दाखवायच्या तयारीत होते, पण ह्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. ते खाली माझ्या पायांकडे बघत असणार.

"बोटं सरळ झाली," म्हणाले. "जा आता."

मी गेले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पट्टी काढली. आधी उजेड आला, मग भिंतीवरचं घड्याळ आलं, मग त्या घड्याळातले काटेसुद्धा आले. मी रडले, त्यांनी रडू नका म्हणून सांगितलं, मी जास्तच रडले. घरी येताना वाटेवरच्या दुकानांच्या सगळ्या पाट्या मी मोठ्याने वाचल्या. हे शेजारून पाय फरफटत चालत होते, कारण एक नाडी अजून माझ्या पिशवीत होती. तो फरफटल्याचा आवाज इतका गोड असतो हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

त्या दिवशी जेवण झाल्यावर टेबल पुसलं. मी दिवा लावला. हे नाडी घेऊन समोर बसले, आणि मी पाहिलं तर ह्यांच्या पँटच्या गुडघ्यावर मी वर्षभरात केलेलं रफू. काळ्या कापडावर चक्क तपकिरी दोरा, तोही वाकडातिकडा. आणि हा माणूस तीच पँट घालून रोज दुकानात जात होता, एका शब्दाने बोलला नव्हता. म्हणजे लाल नाडीच्या कितीतरी आधीपासून ह्यांना माहीत होतं.

"बघतेस ना?" त्यांनी विचारलं.

"बघतेय."

त्यांनी गाठ मारली. मी वर बघितलं. भुवया पार पांढऱ्या झाल्या होत्या. हनुवटीवर दाढी करताना लागलेलं. आणि चोरी करायची वेळ जवळ आली तशी जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यातून हळूच बाहेर आलं, शाळेत पहिलं अक्षर गिरवणाऱ्या पोरासारखं. ही जीभ पहिल्या दिवसापासून अशीच बाहेर येत असणार. मी कधी पाहिलीच नव्हती. मी आपली हाताकडे बघत होते.

घसा खाकरला. फुंकर घातली. मूठ उघडली. तळहातावर नाडी सरळ, गाठीचा पत्ता नाही.

"पकडलं?"

"नाही."

हे हसायच्या तयारीत होते ते थांबले. "दिसत नाहीये का नीट? डॉक्टरांना फोन करू?"

"सगळं दिसतंय. मी तुमच्या तोंडाकडे बघत होते."

ह्यांना काय करावं ते कळेना. एवढ्या वर्षांत या टेबलावर एकही करामत पास झाली नव्हती, त्यामुळे पास झाल्यावर काय करायचं असतं ते ठरलेलंच नव्हतं. त्यांनी नाडी उलटीसुलटी करून पाहिली, एकदा खिशात घातली, परत काढली.

"हे काही खरं नाही," म्हणाले. "परत करतो. या वेळी हाताकडे बघ."

"बघते, करा," मी म्हटलं, आणि ते गाठ मारायला लागल्यावर पुन्हा त्यांच्या तोंडाकडेच बघत बसले.